थेंब कुठून पडतो?

मागच्या ऑगस्टमधली गोष्ट. फजरची नमाज पढून गाडी पुसायला अंगणात आलो, तर मागच्या चाकाच्या वीतभर पुढे शहाबादी फरशीवर एक डाग दिसला. बंद्या रुपयाएवढा. रात्री पाऊस झाला होता, म्हणून पाण्याचा असेल असं समजून मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. पण आमच्या घरमालकीण आजी दारात सडा घालत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, तुमच्या गाडीला काहीतरी झालंय बघा. कालपण होता तो डाग. मी राख टाकून पुसला."

मी खाली वाकलो. बोट लावलं. चिकट होतं. रंग धड काळा नाही, धड तांबूस नाही. चहात दूध जास्त झाल्यावर जसा येतो तसा काहीसा. वास घेतला तर तेलाचाही आला आणि किंचित पेट्रोलचाही.

माझी गाडी शंभर सीसीची, दहा वर्षं चाललेली, दुसऱ्या हाताची. सोलापुरातल्या घरापासून 23 किलोमीटरवर माझी शाळा आहे. उर्दू माध्यमाची. उच्च प्राथमिकच्या वर्गांना मी विज्ञान शिकवतो आणि मराठीही शिकवतो, कारण आमच्या शाळेत एका माणसाने दोन विषय सांभाळणं हे काही नवल नाही. जाताना मुलगी मागे बसते, तिला तिच्या शाळेत सोडून मी पुढे जातो. तेव्हा गाडीतून काहीतरी गळतं आहे आणि ते काय आहे हे आपल्याला माहीत नाही, ही गोष्ट माझ्यासाठी फरशीच्या डागापुरती नव्हती. पेट्रोल असेल तर एका ठिणगीची भीती. तेल असेल आणि ते मागच्या टायरवर गेलं तर वळणावर गाडी घसरायची भीती. आणि मागे सात वर्षांची पोर.

त्या दिवशी जो भेटेल त्याला मी डागाविषयी सांगितलं आणि प्रत्येकाने तिथल्या तिथे निदान केलं. शेजारच्या भाईंनी सांगितलं, पाणी आहे, सायलेन्सरचं. हे अगदीच वेड्यासारखं नव्हतं. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळलं की त्यातून जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन निघून जातं, पण इंजिन थंड असताना सायलेन्सरमध्ये त्याचे थेंब जमतात, काजळी घेऊन काळे होतात आणि खाली पडतात. कितीतरी लोक या काळ्या पाण्याला तेल समजून घाबरतात. पण काजळीचं पाणी बोटाला चिकटत नाही. माझे साडू म्हणाले, कूलंट गळतंय. माझ्या गाडीचं इंजिन हवेवर थंड होतं, त्यात कूलंट नावाची चीजच नाही. जे गाडीत नाही ते गळणार कुठून? पण साडूंचा आवाज इतका ठाम होता की मी क्षणभर कूलंटची टाकी शोधली. शाळेतले एक सहकारी म्हणाले, हे सगळं इथेनॉलमुळे. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचं लक्ष्य 2025 साली गाठलं गेलं. जुन्या गाड्यांच्या काही रबरी भागांना ते मानवत नाही, हेही खरं. पण तेव्हापासून गाडीचं काहीही बिघडलं, अगदी हॉर्न वाजला नाही तरी, खापर इथेनॉलच्या डोक्यावर फोडायची सोय झाली आहे.

आणि माझं स्वतःचं निदान? ते तर डाग बघितल्यापासून पाचव्या मिनिटालाच पक्कं झालं होतं. दहा दिवसांपूर्वी गाडीची सर्व्हिसिंग करून घेतली होती. ऑईल बदललं होतं. ऑईल बदलताना इंजिनाच्या तळाचा ड्रेन बोल्ट खोलतात आणि पुन्हा कसतात. तो नीट कसला गेला नसणार. म्हणजे गॅरेजवाल्याची चूक. हिशेब संपला.

शाळा सुटल्यावर मी तडक गॅरेजवर गेलो. गॅरेज म्हणजे रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड. उस्ताद साठीला आलेले, आमच्या वडिलांना ओळखणारे. हाताखाली दोन पोरं. त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी. सातवीला माझ्या वर्गात होता, नववीत शाळा सुटली, आता अठरा वर्षांचा आहे. शेडमध्ये पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती. मी आवाज न चढवता बोललो असं मला आठवतं, पण शिक्षकाचा न चढवलेला आवाजही शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. मी म्हणालो, "उस्ताद, पैसे पूरे लेते, और बोल्ट ढीला छोड़ देते?"

उस्तादांनी गाडीखाली पाहिलं. बोल्टाच्या आजूबाजूला तेलकट मळ होताच. दहा वर्षं चाललेल्या कोणत्या इंजिनाखाली तो नसतो? पण मळ दिसला आणि माझ्या म्हणण्याला साक्षीदार मिळाला. उस्ताद मागे वळून म्हणाले, "किसने खोला था रे ये बोल्ट?"

माझा जुना विद्यार्थी म्हणाला, "मैंने."

"कसा था?"

"कसा था, उस्ताद. दो बार देखा."

"तो ये क्या टपक रहा? तेरी अकल?"

गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो असेन. उस्तादांनी स्वतः पाना घेऊन बोल्ट आवळला, एक पैसा घेतला नाही आणि वर म्हणाले, "सर, माफ करना, पोरगा नवा है." पोरगा नवा नव्हता. तीन वर्षं तिथे काम करत होता. मी गाडीला किक मारून निघालो तेव्हा त्याच्या हातातून पाना काढून घेऊन त्याला गाड्या धुवायच्या नळावर पाठवलेलं मी पाहिलं. पाहिलं, आणि मनात म्हणालो, बरं झालं, शिकेल.

दोन दिवसांनी फरशीवर पुन्हा डाग.

मी पुन्हा गेलो. या वेळी आवाज चढला. उस्तादांनी बोल्टचं वायसर बदललं. डाग थांबला नाही. तिसऱ्या फेरीला त्यांनी पुढच्या चेन स्प्रॉकेटचं झाकण खोललं. तिथल्या ऑईल सीलमधूनही तेल पाझरतं, आणि चेनला लावलेलं वंगणही तिथेच उडत असतं, त्यामुळे कोणतं कशाचं हे कळत नाही. त्यांनी सील बदललं. त्याचे पैसे मी दिले, पण तोंड वाकडं करून. आठवडा झाला. या सगळ्या आठवड्यात तो मुलगा नळावरच होता. हे मला नंतर कळलं. रोजातले दोनशे रुपयेही उस्तादांनी कापले होते. गॅरेजमध्ये शिकणाऱ्या पोराच्या हातातून पाना काढून घेणं म्हणजे काय, हे शिक्षकाला समजायला हवं. वर्गात एखाद्याला सगळ्यांसमोर बाकावर उभं करावं, तसंच ते. फरक एवढाच की बाकावरून तासाभराने खाली बसता येतं.

चौथ्या फेरीला उस्ताद जेवायला गेले होते. मुलगा नळावर होता. तो हात पुसत जवळ आला आणि म्हणाला, "सर, मैं धो के देखूँ क्या एक बार?"

त्याने जे केलं ते मी बाकड्यावर बसून पाहिलं. आधी त्याने इंजिन डिझेलने पुसून काढलं, मग साबणाच्या पाण्याने धुतलं, मग हवेच्या पाइपाने फट न् फट कोरडी केली. अर्धा तास गेला. मला वाटलं, हा वेळ काढतोय. मग शेडमधल्या आरशामागून त्याने टाल्कम पावडरचा डबा काढला आणि इंजिनाच्या खालच्या भागावर, बोल्टाभोवती, सांध्यांवर पावडर भुरभुरली. इंजिन पांढरं झालं. खाली पुठ्ठा अंथरला. गाडी मेन स्टँडवर लावून चालू ठेवली. "अब जिधर गीला होंगा, उधर से आ रहा," तो म्हणाला.

दहा मिनिटं झाली. बोल्ट कोरडा. नव्या सीलजवळ कोरडं. वरच्या टॅपेटच्या झाकणाशी कोरडं. पावडर जशीच्या तशी. आणि पुठ्ठ्यावर मात्र टप् करून एक थेंब पडला.

मुलगा आडवा झाला, मान वळवून वर बघत राहिला. मग त्याने एक बारीक रबरी नळी बोटाने धरून मला दाखवली. साइड पॅनेलच्या मागे हवेच्या फिल्टरचा डबा असतो. त्याच्या तळातून ही नळी खाली येते. तिच्या टोकाचं बूच केव्हाच हरवलेलं. थेंब तिथून पडत होता. म्हणजे इंजिन कुठूनच गळत नव्हतं.

"फिर तेल फिल्टर के डब्बे में कैसे आया?" मी विचारलं.

त्याने ऑईलची काडी काढून पुसली, आत टेकवली, बाहेर काढून उजेडात धरली. तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. काडीकडे बघतच विचारलं, "ऊपर से तेल किसने डाला, सर?"

तेल मी घातलं होतं. सर्व्हिसिंगनंतरच्या रविवारी. गाडीचा आवाज जरा जास्त येतोय असं साडू म्हणाले, म्हणून मी अंगणात काडी काढून पाहिली. तेल खालच्या खुणेलाही लागत नव्हतं. घरात जुन्या डब्यात उरलेलं तेल होतं, ते ओतलं. उस्तादांनी तेल कमी घातलं असंच तेव्हा मनाशी म्हणालो होतो, हेही आता आठवतं. पण काडी पाहताना गाडी साइड स्टँडवर होती. अंगण अरुंद, मेन स्टँडवर घ्यायला जागा नाही. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, तेल डावीकडे जातं आणि काडी असते उजवीकडे. तिला तेल लागणार कुठून? म्हणजे तेल पुरेसं होतं, ते मी तिरप्या गाडीत मोजलं होतं.

पुढचं विज्ञान सोपं आहे, सातवीच्या मुलालाही समजेल. पिस्टन खाली येतो तेव्हा इंजिनाच्या पोटातली हवा दाबली जाते. तिला बाहेर पडायला एक वाट ठेवलेली असते आणि ती वाट फिल्टरच्या डब्यात जाते. तेल नेमकं असेल तर तिथे नुसती हवा आणि थोडी तेलकट वाफ जाते. तेल जास्त झालं की फिरणारे भाग ते घुसळतात आणि हवेबरोबर तेलाचा फवाराही त्या वाटेने निघतो. डब्यात तेल जमतं. पेट्रोलची वाफ तिथे असतेच. पावसाळ्याचा दमटपणा त्यात मिसळतो. म्हणून तो दुधाळ चहासारखा रंग आणि म्हणून ते दोन वास. पाणी म्हणणारे शेजारी, पेट्रोलवर बोट ठेवणारे सहकारी आणि तेल म्हणणारा मी, सगळे थोडे थोडे बरोबर निघालो. आंधळे आणि हत्तीची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो. पण त्या गोष्टीत कुणाचा रोज कापला जात नाही.

मुलाने तेल काढून मापात ओतलं. माझ्या गाडीला तेल बदलताना एक लिटरही लागत नाही. मापात सव्वा लिटरच्या आसपास भरलं.

उस्ताद परत आले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांच्या शेडमध्ये, त्यांच्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, कारण आरोप तिथेच केला होता. पण गिऱ्हाइकं ती नव्हती. ती पाच-सहा माणसं आपापल्या घरी गेली होती आणि त्यांच्या मनात अजूनही बोल्ट ढिलाच होता. मी मुलाला दोनशे रुपये दिले. मला वाटलं, तो नको म्हणेल. त्याने घेतले, न मोजता खिशात घातले आणि "जाने दो सर" म्हणून दुसऱ्या गाडीकडे वळला.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. झोप लागली. पण पुढे कित्येक दिवस एक प्रश्न मी सोडू शकलो नाही. माझं नेमकं काय चुकलं? तेल जास्त घातलं, ही चूक कुणाचीही होऊ शकते. तिला अज्ञान म्हणू. पण त्या मुलावर बोल्ट ढिला ठेवल्याचा ठपका पडला, तो माझ्यामुळे. हेही अज्ञानच का? मला माहीत नव्हतं, एवढं सांगून मी सुटतो का?

बी.एड.ला असताना एका प्राध्यापकांनी विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाचा 1877 सालचा निबंध समजावून सांगितला होता. त्यात एका जहाजमालकाची गोष्ट आहे. जहाज जुनं, डागडुजीला आलेलं. त्यातून परदेशी स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं जाणार असतात. मालकाच्या मनात शंका येते, पण तपासणीला खर्च आहे. तो स्वतःची समजूत घालतो की, इतक्या सफरी झाल्या, हीही होईल, देव आहे. समजूत इतकी पक्की होते की जहाज सुटताना त्याला मनापासून बरं वाटतं. जहाज समुद्रात बुडतं आणि तो विम्याचे पैसे घेतो. तो दोषी आहे, हे सांगायला तत्त्ववेत्ता लागत नाही. पण क्लिफर्ड पुढे विचारतो, समजा, जहाज सुखरूप पोचलं असतं तर? तो म्हणतो, तरीही मालक तेवढाच दोषी. कारण प्रश्न त्याची समजूत खरी निघाली की खोटी हा नाही, त्या समजुतीवर त्याचा हक्क होता की नाही हा आहे.

तेव्हा परीक्षेपुरतं ते पाठ केलं होतं. आता ते माझ्या गाडीखाली येऊन पडलं. समजा, तो बोल्ट खरोखरच ढिला निघाला असता तर? मी ताठ मानेने घरी आलो असतो. मुलाचा रोज कापला गेला तो योग्यच झाला असं समजलो असतो. आणि तरीही मी जे केलं ते तितकंच वाईट असतं, कारण मी गाडी धुतली नव्हती, पुसली नव्हती, खाली पुठ्ठादेखील ठेवला नव्हता. माझा अंदाज बरोबर ठरला असता, तर ते माझं नशीब असतं, माझा इन्साफ नसता. हे पचवणं मला जड गेलं. आपण चूक ठरलो म्हणून शरमिंदा होणं सोपं आहे. बरोबर ठरलो असतो तरी शरमिंदा व्हायला हवं होतं, हे अवघड आहे.

माझ्या बायकोला हे पटलं नाही. ती म्हणाली, "असं असेल तर माणसाने शंका घ्यायचीच नाही का? तुम्ही शंका घेतली म्हणून तर शोध लागला. नाहीतर तुम्ही पोरीला मागे बसवून तशीच गाडी चालवली असती." तिचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नाही. गळणाऱ्या गाडीवर निर्धास्त बसणं हाही क्लिफर्डच्या मालकाचाच गुन्हा झाला असता. मग मी वर्गात मराठी शिकवताना रोज वापरतो ते दोन शब्द आठवले. विद्यार्थी शंका विचारतो. माणूस माणसावर संशय घेतो. शंका विचारतात, संशय घेतात. विचारणाऱ्याचा हात पुढे असतो, घेणाऱ्याची मूठ मिटलेली. उर्दूतही शक आणि तोहमत यांत अंतर आहे, आणि ते अंतर चालत जायला वेळ लागतो. मी पाच मिनिटांत पार केलं.

मुलीच्या काळजीपोटी मला काय करायला हवं होतं? गाडी बंद ठेवायला हवी होती. बसने जायला हवं होतं. पेट्रोलचा कॉक बंद करून ठेवायला हवा होता. यातल्या एकाही गोष्टीसाठी गुन्हेगाराची गरज नव्हती. खबरदारी घ्यायला आरोपी लागत नाही. मी मात्र नेमकं उलटं केलं होतं. आरोपी पक्का केला आणि गाडी चालवत राहिलो, मुलीला मागे बसवून, आठ दिवस! काळजी हे माझं कारण नव्हतंच. रागाला कारण हवं होतं, काळजीने ते पुरवलं.

आणखी एक गोष्ट मला सतावते. माझा तर्क होता की सर्व्हिसिंगनंतर डाग पडला, म्हणजे सर्व्हिसिंगमुळे पडला. नंतर म्हणजे मुळे नव्हे, ही चूक मी विज्ञानाच्या तासाला फळ्यावर लिहून देतो. पण क्षणभर तीच रीत धरली तरी डागाच्या अगदी आधी काय घडलं होतं? रविवारी मी तेल ओतलं होतं. माझ्याच रीतीने पहिला आरोपी मी ठरत होतो. ते मला सुचलंसुद्धा नाही. लपवलं नाही, आठवलंच नाही. दुसऱ्याने गाडीला हात लावला तर ते काम असतं, त्यात चूक होऊ शकते. मी हात लावला तर ती माझ्या लेखी गाडीची सेवा होती. सेवेत कसली चूक?

हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेला आणि पुढे काहिऱ्यात राहिलेला इब्नुल हैसम, प्रकाशाच्या शास्त्रात ज्याचं नाव आमची मुलं अभिमानाने घेतात, त्याने टॉलेमीच्या ग्रंथांवर शंकांचं एक पुस्तक लिहिलं. टॉलेमी म्हणजे त्या काळचा केवढा मोठा अधिकार! त्याच्या सुरुवातीला तो बजावतो की सत्य शोधणाऱ्याने जुन्या ग्रंथकारांवर विसंबू नये, प्रत्येक बाजूने त्यांची तपासणी करावी. आणि मग, याच ओघात, तपासणी करताना त्याने स्वतःवरही शंका घ्यावी. आम्ही वर्गात पहिला भाग सांगतो. मुलांना त्यात धाडस दिसतं. दुसरा भाग मीही आजवर सांगितलेला नाही.

इंजिनातून तेल कुठूनही पाझरो, ते वाऱ्याने मागे जातं, खाचांतून वाहतं आणि सगळ्यांत खालच्या टोकाला येऊन थेंब होतं. म्हणून मेकॅनिक थेंब पडतो ती जागा खरी मानत नाही, वर वर बघत जातो. माझा ठपकाही असाच वाहत गेला. मी उस्तादांना बोललो. त्यांनी तो स्वतःजवळ ठेवला नाही, खाली सरकवला. मुलाच्या खाली कुणी नव्हतं, म्हणून तो त्याच्यावर थांबला. उस्ताद वाईट माणूस नाहीत. जुन्या गिऱ्हाइकाला सांभाळण्याची त्यांची ती रीत होती. आणि मी तरी शाळेत काय करतो? मागच्या वर्षी वर्गात एका मुलीच्या सहलीच्या पैशांतले शंभर रुपये हरवले. सगळ्यांची दप्तरं पाहायची असं ठरलं, पण माझी नजर आधी कोणत्या बाकाकडे गेली ते मला ठाऊक आहे. ज्याचा बाप हमाली करतो त्या मुलाच्या बाकाकडे. नोट त्या मुलीच्याच वहीच्या कव्हरमध्ये निघाली. मी कुणाला एक शब्द बोललो नव्हतो. पण त्या मुलाने माझी नजर पाहिली होती.

सोलापुरात घर शोधताना नाव सांगितल्यावर "कालच दुसऱ्याला दिलं" हे उत्तर मी चार ठिकाणी ऐकलं आहे. त्या चौघांनाही माझ्याविषयी काही माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची गरजही वाटली नव्हती. त्यांच्याविषयी मी मित्रांत बसून खूप बोललो आहे. पाचव्या दारात या आजी भेटल्या. त्यांनी एवढंच विचारलं, मोटार चालू करून पाणी भरता येईल ना, कारण त्यांना खाली वाकवत नाही. माझ्यावर संशय घेतला जातो तेव्हा मला पुरावा हवा असतो. मग तेलकट हातांच्या पोराच्या बाबतीत मला त्याच्या हातांवरचं तेलच पुरावा म्हणून कसं पुरलं?

तो मुलगा आता पुन्हा पाना धरतो. मी गाडी त्याच्याकडेच देतो. तो "सर" म्हणतो, चहा मागवतो, हसतोही. गेल्या महिन्यात बोल्ट कसून झाल्यावर त्याने मला हाक मारली. "सर, देख लो," म्हणाला. पान्याने बोल्ट फिरत नाही हे करून दाखवलं. मी म्हणालो, "अरे, भरोसा है." तो म्हणाला, "नहीं सर, देख लो." उस्ताद दुसऱ्या गाडीत डोकं घालून होते. मी वाकून पाहिलं.

शहाबादी फरशीवरचा डाग अजून आहे. आजींनी राख, सोडा, सगळं करून पाहिलं. आता त्या रांगोळी थोडी अलीकडे काढतात. आणि आज सकाळी, हे लिहायला बसण्यापूर्वी, गाडीखाली पुन्हा काहीतरी ओलं दिसलं. या वेळी सायलेन्सरच्या बाजूला. बोट लावलं, चिकटलं नाही. खाली पुठ्ठा ठेवला आहे. मुलीला तिच्या अम्मीने रिक्षाने नेलं, मी बसने आलो. अजून कुणाला काही बोललेलो नाही.